रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई : एका रंगमंदिराची वाटचाल

मुंबईत चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेस, केनेडी पुलालगत उभे असलेले रॉयल ऑपेरा हाऊस हे ऑपेरासाठी बांधले गेलेले आणि आजही रंगमंच म्हणून नांदते असलेले भारतातील एकमेव नाट्यगृह मानले जाते. तब्बल तेवीस वर्षे बंद राहिल्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे दरवाजे पुन्हा उघडले. २०२६ मध्ये त्या घटनेला दहा वर्षे पूर्ण होत असताना या वास्तूचा इतिहास बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड परिसरातील मराठी वाचकांसमोर ठेवण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, या नाट्यगृहाच्या घडणीत मराठी संगीत रंगभूमीचा वाटा मोठा असून त्याची आठवण मुंबईबाहेरच्या मराठी घरांत फिकी होत चालली आहे. दुसरे कारण बेंगळुरूचे स्वतःचे आहे. ब्रिगेड रोड व रेसिडेन्सी रोड यांच्या कोपऱ्यावर ब्रिटिश अमदानीतले एक ऑपेरा हाऊस होते. ते पुढे चित्रपटगृह झाले, मग बंद पडून राहिले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सॅमसंग कंपनीचे भव्य दालन म्हणून पुन्हा उघडले. तिथली वास्तू नीट राखली गेली ही समाधानाची बाब आहे, मात्र तिथला रंगमंच इतिहासजमा झाला. ब्रिटिश अमदानीत, एकाच हौसेपोटी उभ्या राहिलेल्या दोन इमारतींपैकी मुंबईची इमारत आपल्या मूळ कामावर परत कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. व्हाइटफील्डही त्याच काळाचे अपत्य आहे. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या सुमारे ३,९०० एकर जमिनीवर डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने १८८२ मध्ये युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत आखली गेली, आणि शंभर वर्षांनंतर देशभरातून नोकरीसाठी आलेल्या माणसांनी ती आपलीशी केली.

पूर्वपीठिका : १८४६ ते १९०८

ऑपेरा म्हणजे ज्यात कथानक आरंभापासून अखेरपर्यंत मुख्यतः गायनातून सांगितले जाते आणि ज्याला मोठ्या वाद्यवृंदाची साथ असते, असा सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर इटलीत जन्मलेला नाट्यप्रकार. मराठी संगीत नाटकात गद्य संवाद व पदे आलटून पालटून येतात, ऑपेरात संवादही बहुतांशी गाऊनच होतो. हा भेद सोडला तर गाणाऱ्या नटाच्या गळ्यावर सारा खेळ पेलण्याची रीत दोहोंत सारखीच आहे.

मुंबईच्या ज्या भागात हे नाट्यगृह उभे राहिले तो भाग रंगभूमीला नवखा नव्हता. नाना शंकरशेट यांच्या साहाय्याने १८४६ मध्ये ग्रँट रोडवर एक नाट्यगृह उघडले गेले होते आणि सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी १८५३ मध्ये तेथे खेळ केले होते. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही नाटकाला हात घातला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यानंतर तर संगीत नाटक मंडळ्यांचे मुंबईतील मुक्काम हा शहराच्या वार्षिक क्रमाचाच भाग होऊन बसला. गिरगाव व ग्रँट रोड यांच्या मधला टापू त्यामुळे मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांच्या प्रेक्षकांना सवयीचा झाला होता, आणि नव्या नाट्यगृहासाठी जागा शोधणाऱ्यांना याहून अनुकूल ठिकाण मिळणे कठीण होते.

स्थापनेचे दशक : १९०८ ते १९२०

नाट्यगृहाची कल्पना दोघांची. मॉरिस बॅंडमन हे कलकत्त्यात बस्तान बसवलेले रंगभूमी-व्यावसायिक होते. त्यांचे वडील डॅनियल बॅंडमन हे शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी नाव मिळवलेले नट होते. पुत्राने मात्र अभिनयापेक्षा व्यवस्थापनात आपले कर्तृत्व दाखवले आणि जिब्राल्टरपासून कैरो, मुंबई, कलकत्ता, रंगून, सिंगापूर, हाँगकाँग असे करत थेट जपानमधील योकोहामापर्यंत आपल्या मंडळ्या फिरवणारी साखळी उभारली. अशा साखळीला ठिकठिकाणी हक्काचा रंगमंच लागतो. कलकत्त्यात १९०८ मध्ये एम्पायर थिएटर उभे राहिले होते, आणि मुंबईतील ऑपेरा हाऊस हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होता. दुसरे संस्थापक जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाच्या दलालीच्या पेढीचे प्रमुख असलेले पारशी गृहस्थ. परदेशी व्यावसायिकाची दृष्टी आणि स्थानिक पेढीचे पाठबळ असा हा मेळ होता, आणि मुंबईच्या अनेक संस्था अशाच मेळातून जन्मल्या आहेत.

पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा बांधकाम चालूच होते. तरीही त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकून घेण्यात आले. नावातील ‘रॉयल’ या शब्दाला त्या राजभेटीचा आधार आहे. इमारत वापरासाठी पूर्ण झाली ती १९१२ मध्ये, आणि त्यानंतरही काही वर्षे लहानमोठी भर पडत राहिली.

वास्तूची शैली बरोक म्हणून ओळखली जाते. बरोक म्हणजे सतराव्या शतकात इटलीत बहरलेली, वळणदार रेषा, जोडस्तंभ, मूर्तिकाम आणि सोनेरी नक्षी यांनी प्रेक्षकाला दिपवू पाहणारी शैली. मुंबईत तिच्यात काही भारतीय तपशीलही मिसळले. दर्शनी भागाचे दगडी काम रस्त्यावरूनच नजरेत भरते. आत शिरताच दालनात लटकणारी भव्य झुंबरे ही ससून कुटुंबाची देणगी असून ती भायखळ्याच्या ‘सां सूसी’ या त्यांच्या हवेलीतून आली, ज्या हवेलीत आज मसीना रुग्णालय आहे. प्रेक्षागृहावरील घुमट आठ भागांत विभागलेला असून तो कवी, नाटककार व कादंबरीकार यांना वाहिलेला आहे. बॉक्स, म्हणजे कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी एकत्र बसून खेळ पाहावा यासाठी केलेले स्वतंत्र कप्पे, आणि रंगमंचासमोरचा पिट, म्हणजे वादकांना बसण्यासाठी ठेवलेला खोलगट भाग, ही दोन्ही अंगे मूळ आराखड्यातच होती. छताची घडण अशी साधली होती की सर्वांत वरच्या गॅलरीत, कमी दराच्या जागेवर बसलेल्या माणसालाही रंगमंचावरचा शब्द स्पष्ट ऐकू यावा. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात नाट्यगृहाची पत ठरत असे ती याच कसोटीवर.

याच दशकात शेजारी आणखी एक कला जन्माला येत होती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. ऑपेरा हाऊसनेही फार वाट पाहिली नाही. १९१७ पासून येथे चित्रपट दाखवले जाऊ लागले.

१९२१ ते १९३४ : संगीत नाटकाचे दिवस

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत समृद्ध कालखंड हा आहे. बॅंडमन १९२२ मध्ये निवर्तले, परदेशी मंडळ्यांची ये-जा पुढे ओसरत गेली, आणि युरोपीय गायनासाठी बांधलेल्या या घुमटाखाली नाट्यपदे घुमू लागली. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे बापूराव पेंढारकर, मास्टर दीनानाथ, विनायकबुवा पटवर्धन आणि पुढे ज्योत्स्ना भोळे यांच्या कलेचा साक्षीदार म्हणून या नाट्यगृहाचे नाव घेतले जाते. केशवराव भोसले १९२१ मध्ये अकाली गेल्यावर ललितकलादर्शचा भार बापूरावांनी उचलला होता. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी १९१८ पासून स्वतंत्रपणे उभी होती. विनायकबुवा हे विष्णु दिगंबरांचे शिष्य; शास्त्रीय गायनाची शिस्त घेऊन ते गंधर्व नाटक मंडळीत आले आणि दशकभर बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहिले. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या मंडळ्यांनी हे एकच छप्पर आपले मानले, ही या वास्तूची मोठी मिळकत होय.

संगीत नाटकाला या वास्तूत नैसर्गिक घर का मिळाले, याचे उत्तर तिच्या बांधणीत आहे. ऑर्गन, तबला व सारंगी यांचे वादक नटाच्या नजरेच्या टप्प्यात, रंगमंचाच्या पुढ्यात बसावे लागत. पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला की नटाने नुसत्या मानेच्या इशाऱ्याने उठाण घ्यावी आणि तबलजीने ती तत्क्षणी पकडावी, अशी ती पद्धत होती. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी केलेला खोलगट पिट या गरजेला चपखल बसणारा होता. आसपासच्या वस्तीनेही साथ दिली. प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेले भारतीय संगीताचे विद्यालय ऑपेरा हाऊस परिसरातच मोदी चेंबर्समध्ये वाढले आणि कुमार गंधर्वांसारखा शिष्य तिथे घडला. दिवसा तालीम ऐकणारे कान रात्री नाटकाला येत असत, तेव्हा दाद उगाच मिळत नसे.

चित्रपटाचा रेटा मात्र वाढतच होता. १९२० च्या दशकाच्या मध्यास मूळच्या फ्रेंच असलेल्या पाथे कंपनीने येथे नियमित खेळ सुरू केले. ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट १९३१ मध्ये आणि प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये, असे दोन्ही गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकले, आणि नाटक मंडळ्यांची आर्थिक घडी विसकटली. बलवंत मंडळी चित्रपटाकडे वळली. बालगंधर्वांनीही मंडळी मिटवून प्रभातचा ‘धर्मात्मा’ स्वीकारला.

१९३५ ते १९५१ : रुपेरी पडदा आणि पृथ्वी थिएटर्स

आयडियल पिक्चर्स या कंपनीने १९३५ मध्ये नाट्यगृह घेतले व चित्रपटगृहाच्या गरजेनुसार आतील रचनेत बदल केले. त्या बदलांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य ठरणार नाही, कारण पडदा लागला नसता तर ही इमारत उभी राहिली असती की नाही, याची शंका आहे. कलकत्त्याचे एम्पायर थिएटरही पुढे रॉक्सी नावाचे चित्रपटगृह होऊनच तगले.

रंगमंच मात्र सर्वस्वी मुका झाला नाही, याचे श्रेय पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सला जाते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या या फिरत्या हिंदी नाट्यसंस्थेचे मुंबईतील मुख्य ठाणे ऑपेरा हाऊस हेच होते. चित्रपटाचे खेळ सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी ‘शकुंतला’, ‘दीवार’, ‘पठाण’, ‘गद्दार’, ‘आहुती’ ही नाटके होत. फाळणीच्या काळात हिंदू-मुसलमान ऐक्याची बाजू उघडपणे मांडणारे प्रयोग यांत होते. झोहरा सेहगल व उझरा मुमताज या बहिणी त्यांत काम करीत, आणि राम गांगुली यांच्या संगीतविभागात तबल्यावर शंकर व हार्मोनियमवर जयकिशन ही पुढे हिंदी चित्रपटसंगीत व्यापून टाकणारी जोडी बसत असे. प्रयोग संपल्यावर, अंगावर भूमिकेचे कपडे तसेच असताना, पृथ्वीराज दाराशी येऊन दोन्ही हातांनी झोळी पसरून उभे राहत. बाहेर पडणारा प्रेक्षक जे टाकेल ते आपद्ग्रस्तांच्या मदतीला जाई, आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून ते मान खाली घालत. भारतातील रंगभूमीच्या इतिहासात नटाच्या सामाजिक बांधिलकीचे इतके साधे व थेट उदाहरण क्वचितच सापडेल. सोळा वर्षांत सुमारे २,६०० प्रयोग करून ही संस्था १९६० मध्ये थांबली.

१९५२ ते १९९२ : गोंडल घराण्याकडे

सौराष्ट्रातील गोंडल संस्थानचे महाराज विक्रमसिंहजी यांनी १९५२ मध्ये नाट्यगृह विकत घेतले. संस्थाने नुकतीच विलीन झाली होती, अनेक राजघराणी मुंबईतील मालमत्ता विकत होती, आणि अशा वेळी एका घराण्याने मुंबईतले चित्रपटगृह होऊन बसलेले नाट्यगृह स्वीकारावे, ही गोष्ट पुढच्या काळासाठी निर्णायक ठरली. पुढली चार दशके ऑपेरा हाऊस हे हिंदी चित्रपटांचे लोकप्रिय घर होते. मराठी नाटकाला गिरगावातच मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये मिळाले, त्याच वर्षी मुंबईची ट्राम बंद झाली, आणि परिसराचा चेहरा बदलत गेला. पंचरत्न इमारतीभोवती हिऱ्यांचा बाजार एवढा वाढला की ‘ऑपेरा हाऊस’ म्हटल्यावर नव्या पिढीला नाट्यगृहाऐवजी हिरेबाजार आठवू लागला. पुढे घरोघरी व्हिडिओ व केबल दूरचित्रवाणी आल्यावर एकपडदा चित्रपटगृहांचे उत्पन्न घटले आणि त्या घसरणीतून ही वास्तूही सुटली नाही.

१९९३ ते २००७ : बंद दरवाजे

१९९३ मध्ये एका फॅशन शोनंतर दरवाजे बंद झाले. दक्षिण मुंबईतील एवढ्या मोक्याच्या जागेचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला असेल. गोंडलचे ज्योतेंद्रसिंहजी व कुमुदकुमारी यांनी ती जागा विकली नाही, पाडली नाही, आणि दुसऱ्या वापरासाठीही दिली नाही. या पंधरा वर्षांत सांगण्यासारखी घटना घडली नाही, तरी ऑपेरा हाऊसच्या इतिहासातील सर्वांत मोठे सत्कृत्य या पंधरा वर्षांचेच आहे.

२००८ ते २०१६ : जीर्णोद्धार

२००८ मध्ये जतनवास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपवण्यात आले. जतनवास्तुविशारद म्हणजे जुनी इमारत नवी न करता तिचे मूळ रूप शोधून ते टिकवणारा तज्ज्ञ. आरंभी गळके छप्पर, कमकुवत झालेला सांगाडा आणि दर्शनी दगडकाम यांची डागडुजी झाली, कारण पाणी मुरत असताना आतल्या नक्षीला हात लावण्यात अर्थ नसतो. आतील काम अधिक अवघड होते. चित्रपटगृहाच्या काळात बॉक्स नाहीसे झाले होते, पिट बुजला होता आणि रंगांवर रंगांचे थर चढले होते. अशा ठिकाणी कारागीर भिंतीचा एक छोटा चौकोन निवडून बारीक पात्याने एकेक थर खरवडत जातो, प्रत्येक थराचा रंग नोंदवतो आणि तळाशी सापडलेल्या पहिल्या रंगावरून साऱ्या प्रेक्षागृहाची रंगसंगती ठरवली जाते. जुन्या छायाचित्रांच्या आधारे बॉक्स पुन्हा घडवले गेले, गिलाव्यातील नक्षी दुरुस्त झाली, रंगीत काचा पुन्हा उजळल्या. वातानुकूलन, अग्निसुरक्षा व आधुनिक प्रकाशयोजना या आजच्या गरजा मूळ देखाव्याला बाधा न आणता बसवाव्या लागल्या. गवंडी, सुतार, काचकाम व गिलावा करणारे कारागीर, अभियंते, ध्वनितज्ज्ञ अशा कितीतरी जणांच्या आठ वर्षांच्या श्रमाचे हे फळ असून त्या सर्वांचा उल्लेख संस्थापकांच्या बरोबरीने व्हायला हवा. मध्यंतरी, २०१२ साली, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातील लक्ष देण्याजोग्या वारसास्थळांच्या यादीत ऑपेरा हाऊसचा समावेश केल्याने कामाला बळ मिळाले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवाच्या सुमारास नाट्यगृह पुन्हा उघडले. पुनरुद्घाटनाचे गायन पॅट्रिशिया रोझारिओ यांनी केले. सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या या गायिका मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय घराण्यातील, आणि लंडनमध्ये कीर्ती मिळवलेल्या. शंभर वर्षांपूर्वी या मंचावर गायक सातासमुद्रापलीकडून आणावे लागत. आता मुंबईचीच कन्या तेथे उभी होती.

२०१६ नंतर : सद्यस्थिती

आजच्या प्रेक्षागृहात ५७५ आसने आहेत. युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कारांत २०१७ साली या जीर्णोद्धाराला गुणवत्ता पुरस्कार मिळाला; त्याच वेळी भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चचाही तसाच गौरव झाला. त्याच वर्षी रोझारिओ यांच्या पुढाकाराने चिमारोझा या इटालियन संगीतकाराचा ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’ हा ऑपेरा भारतीय गायकांसह येथे सादर झाला. अ‍ॅव्हिड लर्निंग या संस्थेने कार्यक्रमांच्या आखणीत भाग घेतला असून नाटक, शास्त्रीय व पाश्चात्त्य संगीत, जॅझ, नृत्य, व्याख्याने, चित्रपट असे बहुविध कार्यक्रम येथे होतात. एवढ्या आसनसंख्येवर अशी वास्तू चालवणे आर्थिकदृष्ट्या सोपे नाही, आणि कार्यक्रमांतील वैविध्याला हेही एक कारण आहे. मराठी संगीत नाटकाला येथे आजच्यापेक्षा अधिक वाव मिळावा, कारण मूळ उद्देश बाजूला पडल्यानंतर हे घर ज्यांनी गाजते ठेवले त्यांत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

व्हाइटफील्डहून मुंबईला जाणाऱ्यांनी चर्चगेटहून लोकल पकडल्यास मरीन लाइन्सनंतरचे स्थानक चर्नी रोड आहे आणि तेथून नाट्यगृह चालत गाठता येते. इमारत बाहेरून पाहून परतण्यापेक्षा प्रयोगाचे तिकीट काढून आत बसावे आणि जमल्यास वरच्या सज्जातील जागा घ्यावी, म्हणजे १९१२ च्या बांधणाऱ्यांनी आवाजाचे गणित कसे सोडवले होते ते स्वतःच्या कानांनी कळेल. व्हाइटफील्ड परिसरातील ज्या मराठी कुटुंबांची मुळे गिरगाव, ठाकूरद्वार किंवा ग्रँट रोड भागात आहेत, त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांनी जपलेली ऑपेरा हाऊसमधील नाटकांची हस्तपत्रके, तिकिटांची अर्धुके, पदांची पुस्तके वा छायाचित्रे असल्यास ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांच्या स्वच्छ प्रती काढून, तारीख व मंडळीचे नाव नोंदवून, त्या मुंबई मराठी साहित्य संघासारख्या संस्थेकडे किंवा थेट नाट्यगृहाकडे सुपूर्द कराव्यात, अशी सर्व वाचकांना विनंती आहे.